मुलीला परत परत जंत होतायत, शाळेतली गोळी द्यावी का?

चिंचवडची_रेवा

नमस्कार मंडळी. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. गेले काही महिने रात्री झोपेतून उठून रडते, ढुंगणाला खाज येते म्हणते, हात सारखा चड्डीत, आणि मग सकाळी शाळेसाठी उठवायचं म्हणजे युद्ध. एका रात्री टॉर्च लावून बघितलं तर शीच्या जागेपाशी बारीक पांढरे जंत वळवळत होते, मला तर जेवणच जाईना दुसऱ्या दिवशी. आमच्या डॉक्टरांनी अल्बेंडाझोलची एक गोळी दिली, थोडे दिवस शांत झोपली आणि पुन्हा तेच सुरू. शी तपासायला दिली तर रिपोर्ट एकदम नॉर्मल!! म्हणजे मी डोळ्यांनी बघितलं ते काय होतं मग?

आता शाळेतून चिठ्ठी आलीये की जंतनाशक दिन आहे, सगळ्यांना गोळी देणार. त्यावर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकलाय की कुठल्याशा गावात ही गोळी खाऊन मुलं चक्कर येऊन पडली, झालं, निम्म्या आयांनी त्या दिवशी मुलांना पाठवायचंच नाही असं ठरवलंय. इकडे सासूबाई म्हणतात गोड बंद कर, गुळाने जंत होतात, आणि ती झोपेत दात खाते म्हणजे पोटात जंत आहेतच.

आधी एकदा दिलेली असताना शाळेत परत द्यायची का? आणि हे येतंय कुठून? घरात फिल्टरचं पाणी आहे, फरशी रोज पुसली जाते, बाहेरचं खाणं जवळजवळ नाहीच. धाकटा तीन वर्षांचा आहे, दोघं एकाच गादीवर झोपतात, त्याला पण द्यावी का? प्लीज कुणी नीट सांगेल का.

कुंदाकाकू_सातारा

रेवा, सासूबाईंचं ऐक गं. आमच्या लहानपणी जंत बिंत काही नाही, महिन्यातून एकदा रविवारी सकाळी आजी नाक दाबून एरंडेल पाजायची आणि दिवसभर आम्ही परसाकडे पळायचो, सोमवारी पोट हलकं. बाळांना तर वावडिंग घालून उकळलेलं पाणी रोजच. तू वावडिंगाची पूड ताकातून दे, सकाळी अनशापोटी. आणि चॉकलेट बंद कर आधी.

बालवैद्य_कोल्हापूर

मी बालरोगतज्ज्ञ आहे, रोज ओपीडीत हेच प्रश्न असतात त्यामुळे जरा लांब लिहितोय.

रेवाताई, तुम्ही जे बघितलंत ते सुतकृमी. आपण "जंत" म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात घालतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. शाळेतला कार्यक्रम मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आहे, म्हणजे गोल जंत, चाबूककृमी आणि अंकुशकृमी, ज्याला सगळे हुकवर्म म्हणतात. त्यांची अंडी उघड्यावरच्या शौचातून मातीत पडतात आणि तिथे काही दिवस ते काही आठवडे तयार होतात, मग कुठे ती दुसऱ्याला लागू होतात. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते, त्यामुळे एखाद्या वस्तीत चार घरं जरी उघड्यावर जात असली तरी तिथली माती काय होत असेल विचार करा.

सुतकृमीला माती लागतच नाही. मादी रात्री मूल झोपलं की गुदद्वाराबाहेर येते, तिथल्या कातडीवर हजारो अंडी चिकटवते, त्याने खाज सुटते, मूल खाजवतं, अंडी नखात, नखं तोंडात. ही अंडी काही तासांतच लागू होतात. शिवाय चादर, उशी, टॉवेल, खेळणी यांच्यावर दोन-तीन आठवडे तग धरतात. म्हणून फिल्टर आणि पुसलेली फरशी असूनही तुमच्याकडे आहे, अगदी मोठ्या फ्लॅटमधल्या घरांतही असतं, त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. शाळेत एकाच बाकावर बसणारी, एकमेकांचे खोडरबर तोंडात घालणारी मुलं असतात, कुणाकडून आलं हे शोधत बसू नका.

रिपोर्ट नॉर्मल आला कारण ही मादी अंडी शीमध्ये घालत नाही, बाहेर कातडीवर घालते. बहुतेक वेळा शीच्या तपासणीत ती सापडतच नाहीत. खात्री करायची असेल तर सकाळी उठल्या उठल्या, धुवायच्या आधी पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काचेवर लावून लॅबला देतात. तुम्ही जंत स्वतः बघितलेत, तुम्हाला तेही नको.

आता गोळी परत का लागते. अल्बेंडाझोल मोठे जंत मारतं, अंड्यांवर त्याचा भरवसा नाही. दोन आठवड्यांनी दुसरा डोस घेतला नाही तर मधल्या काळात उरलेल्या अंड्यांतून पुढची पिढी तयार. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय, आणि घरातल्या बाकीच्यांनी घेतलीच नसणार. तर शाळेत मिळेल ती गोळी खुशाल घेऊ द्या, तोच पहिला डोस धरा, त्याच दिवशी घरात सगळ्यांनी घ्या, नवऱ्यासकट, आणि दोन आठवड्यांनी सगळ्यांनी पुन्हा. फक्त त्याच सुमाराला घरी वेगळी दिली असेल तर वर्गशिक्षिकेला तसं सांगा. धाकट्याला पूर्ण ४०० मिलिग्रॅमची चालते पण अख्खी गिळायला देऊ नका, चमच्यात कुटून पाण्यात कालवून द्या, तो रडत असताना तर अजिबात नको, गोळी घशात अडकून गुदमरण्याचा धोका खरा असतो. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. घरात कुणी गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कुणाला आकडी येत असेल तरीही आधी विचारा, कारण मेंदूत फीतकृमीच्या, म्हणजे फितीसारख्या लांब जंताच्या, गाठी असल्या तर या औषधाने झटका येऊ शकतो.

चक्कर येण्याबद्दल: गोळी बहुतेक आतड्यातच काम करते, रक्तात फार थोडी जाते. पोटात जंत खूप असतील तर ते मरताना थोडं मळमळणं, पोटात दुखणं, एखादी उलटी होते, काही तासांत थांबते. त्या दिवशी ताप असेल तर देऊ नये, नंतर राहिलेल्यांसाठी वेगळा दिवस ठेवलेला असतो.

काकू, वावडिंगाचा माझा राग नाही, माझ्या आईनेही पाजलंय. पण सुतकृमी हाताने पसरतात, त्याला ताक आडवं येत नाही. एरंडेलाने फक्त जुलाब व्हायचे, त्यात काही जंत पडायचे ते दिसायचे म्हणून आजींना वाटायचं काम झालं. गोडाने जंत होत नाहीत, बाहेरून अंडं किंवा अळी अंगात गेल्याशिवाय जंत होत नाही. गोड कमी करायचंय तर दातांसाठी करा. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध पक्का असा कुठे दिसलेला नाही, या वयात खूप मुलं खातात. गालावरच्या पांढऱ्या डागांचंही तसंच, ते कोरड्या त्वचेमुळे असतात आणि त्यासाठी दरवर्षी हजारो गोळ्या उगाच खपतात.

डोंगरावरचा_मास्तर

डॉक्टरसाहेब छान लिहिलंत. मी जव्हार भागात झेडपीच्या शाळेवर आहे, आमच्याकडचं चित्र वेगळंय म्हणून लिहितो. इथे प्रश्न हुकवर्मचा. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. पोरांना चपला नाहीत असं नाही हो, चपला आहेत, पण पावसाळ्यात पायवाटेच्या चिखलात चप्पल रुतून पट्टा तुटतो म्हणून पोरं ती घरी खुंटीला लावून येतात. आईबापाने बाजारातून आणलेली वस्तू तुटली तर मार बसतो. शहरातून आलेले पाहुणे भाषण देऊन जातात, "बाळांनो चप्पल घाला." बरं.

वर्गात कोण ते ओळखू येतं. पापणी खाली ओढून बघितली की आत लालसर दिसायला पाहिजे तिथे पांढरटपणा. पोरगं मैदानात दोन फेऱ्या धावलं की बसून घेतं, माती चघळतं, खडू खातं. हल्ली आशाताई आणि नर्सबाई येऊन बघतात, दर आठवड्याला लोहाची गोळी असते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. नुसती लोहाची देऊन भागत नाही, आतून जंत रक्त पीत असतील तर एका बाजूने भरायचं नि दुसऱ्या बाजूने गळायचं.

गोळीच्या दिवशी काय होतं ते सांगतो म्हणजे व्हॉट्सॲपवाल्यांना कळेल. आम्ही आधी पोषण आहाराची खिचडी पोटभर खाऊ घालतो, मग एकेकाला समोर उभं करून गोळी चावायला लावतो, जीभ बाहेर काढून दाखव म्हणायचं, कारण गालात धरून नंतर खिडकीतून थुंकणारे बहाद्दर असतात. नंतर पोरांना उन्हात सोडत नाही, व्हरांड्यात बसवून गोष्ट सांगायची. एकाला मळमळलं आणि तो "मला कसंतरी होतंय" म्हणाला की शेजारच्या चौघांना कसंतरी व्हायला लागतं, हे मी बघितलंय. त्या चौघांना पाणी पाजून मांडीवर घेतलं की अर्ध्या तासात लंगडी खेळायला मोकळे. बातमी मात्र चौघांची होते.

पण खरं दुखणं गोळीचं नाही, हातांचं आहे. गोळी वर्षातून एकदा-दोनदा येते, जेवण रोज असतं. आमच्याकडे एक नळ आणि साठ पोरं. दुपारची घंटा झाली की नळावर झुंबड, पुढच्या चार पोरांचे हात ओले होतात आणि बाकीची चड्डीला पुसून पंगतीत बसतात. साबण ठेवला तर टिकत नाही. हसाल, पण साबण पोरं नाही, कावळे पळवतात. वडी उघडी दिसली की चोचीत धरून कौलावर. मग साबण कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधला, तेव्हापासून वडी संपेपर्यंत जागेवर राहते आणि जाळीने नखंही घासली जातात. दुसरं म्हणजे पाच लिटरचा कॅन काठीला टांगून दोरी पायाने दाबायची, तो वाकतो नि धार येते, असे तीन कॅन लावले, पाणी फार कमी लागतं. इथे पाऊस एवढा की शाळेत दिवा लावावा लागतो आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात, त्यामुळे धो धो नळ चालू ठेवा असं सांगायची सोय नाही. संडास बांधून मिळालेत, उन्हाळ्यात पाण्याअभावी कुलूप. मग पोरं झाडामागे जातात आणि जून लागला की तीच माती पायाखाली.

साबणाला पैसे नाहीत असं कुणी मुख्याध्यापक म्हणाले तर ऐकू नका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून जे शाळा अनुदान येतं त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. शंभरच्या आतली, तीसच्या वरची शाळा असेल तर २५ हजारातले अडीच हजार. साबणाच्या वड्या त्यात वर्षभराच्या बसतात, अनुदान वेळेवर आलं तर. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी हिशेब विचारावा, कुणी विचारतच नाही.

नाशिकचा_आकडेमोड्या

सगळे गोळीचं कौतुक करतायत म्हणून जरा विरोधी सूर लावतो, रागावू नका. केनियातल्या बुसिया भागात १९९८ पासून ७५ शाळांमध्ये टप्प्याटप्प्याने जंताची गोळी दिली, तेव्हा मुलांची गैरहजेरी सुमारे पावपट कमी झाली असं संशोधकांनी मांडलं. त्यातले एक मायकेल क्रेमर, ज्यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्यासोबत नोबेल मिळालं. पुढे २०१५ च्या सुमाराला दुसऱ्या लोकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि इतका वाद झाला की त्याला "जंतयुद्ध" असंच नाव पडलं. आपल्याकडे लखनौच्या आसपास दहा लाख लहान मुलांवर दर सहा महिन्यांनी गोळी देऊन बघितलं होतं, २०१३ मध्ये निकाल छापून आला, बालमृत्यूत म्हणण्यासारखा फरक नाही. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही सरसकट सगळ्यांना गोळी देऊन वजन, हिमोग्लोबिन, अभ्यास यांत मोठा फायदा दिसत नाही असंच आहे. मग एवढा सोहळा कशाला? तेच पैसे नळ आणि संडासाला घाला की.

बालवैद्य_कोल्हापूर

आकडे तुमचे बरोबर आहेत, पण "सरसकट" हा शब्द बघा. ज्याच्या पोटात जंत नाहीत त्याला गोळीने काय फायदा होणार, सगळ्यांची सरासरी काढली की फरक पातळ होतो. ज्याला खरंच भरपूर जंत आहेत त्याला उपचाराचा उपयोग होतो याबद्दल वाद नाही. आता प्रत्येकाची शी तपासून मग गोळी द्यायची तर तपासणी गोळीपेक्षा कितीतरी महाग पडते, आणि गोळी स्वस्त आणि सुरक्षित आहे, म्हणून सरसकट. भारतात १ ते १४ वयाची २४ कोटींच्या वर मुलं या जंतांच्या धोक्यात आहेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता, त्यावरूनच २०१५ च्या फेब्रुवारीत ११ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत हा कार्यक्रम सुरू झाला, महाराष्ट्र पहिल्याच फेरीत होता. नळ-संडासाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण नळ येईपर्यंत मास्तरांच्या शाळेतल्या पोराने रक्त किती गाळायचं?

नाशिकचा_आकडेमोड्या

मान्य. फक्त नळ कधी येणार ते पण कुणीतरी लिहा, गोळीचा फोटो पेपरात येतो, नळाचा येत नाही.

ओसाकाची_वहिनी

मी बरीच वर्षं जपानमध्ये आहे, इथली गंमत सांगते. युद्धानंतर इथे निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात गोल जंत होते, कारण भाजीला माणसांच्या मैल्याचंच खत घालायचे. मग शाळाशाळांतून शी गोळा करून तपासायची, ज्याला जंत त्याला औषध, पुन्हा तपासणी, असं वर्षानुवर्षं केलं, जोडीला मैल्याचं खत बंद झालं, आणि आता गोल जंत जवळपास गेलेच. सुतकृमीसाठी तर शाळेतून निळ्या गोलाची चिकट फिल्म घरी यायची, सकाळी मुलाच्या ढुंगणाला दाबून नाव लिहून शाळेत परत द्यायची, वर्गातल्या सगळ्या मुलांची! डॉक्टर म्हणाले तीच चिकटपट्टी. २०१६ पासून सक्ती बंद केली कारण कुणाला काही सापडेनाच. कुणाला लाज वाटायचा प्रश्न नाही, सगळ्यांचीच पाकिटं टेबलावर. टोकियोत मेगुरोला परजीवींचं एक संग्रहालय आहे, तिथे साडेआठ मीटरहून लांब फीतकृमी ठेवलाय आणि लोक डेटला जातात, मी नवऱ्याला नेलं होतं, त्याने रात्री नूडल्स खाल्ले नाहीत.

चिंचवडची_रेवा

सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टर, अजून दोन-तीन गोष्टी. चादरी गरम पाण्यात धुवायच्या का, शाळेच्या बॅगेत सॅनिटायझरची बाटली आहे ती पुरेल का, आणि वर्गात कुणाला सांगावं की गप्प बसावं? मी आज शाळेत गेले होते तेव्हा मुलींच्या टॉयलेटमध्ये मुद्दाम डोकावले. फी ऐकून चक्कर येईल अशी शाळा, भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं रंगीत चित्र, आणि बेसिनवर साबणच नाही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या मुली सांडतात म्हणून वरच्या कपाटात ठेवलाय.

बालवैद्य_कोल्हापूर

सॅनिटायझर जंतांच्या अंड्यांवर चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं, कारण अंडी मारायची नसतात, घासून वाहून घालवायची असतात. नखं बोटाच्या टोकाबरोबर कापा, रविवार ठरवून टाका. गोळीच्या दिवशी चादरी, अभ्रे, टॉवेल, चड्ड्या गरम पाण्याने धुवून कडक उन्हात टाका, आणि गोळा करताना झटकू नका, अंडी उडून घरभर होतात. त्याच कारणाने काही दिवस कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. दोन आठवडे रोज सकाळी उठल्याबरोबर ढुंगण धुवून चड्डी बदलायची, रात्री अंगाबरोबर बसणारी चड्डी घालायची म्हणजे झोपेत हात जात नाही. भावंडांना तेवढे दिवस वेगळं झोपवा, जमलं तर.

डोंगरावरचा_मास्तर

ताई, वर्गशिक्षिकेला सांगा, पण नाव न घेता करा म्हणावं. मी असं काही कळलं की एका पोराकडे बघतही नाही, सोमवारी परिपाठाला सगळ्यांची नखं बघायची, माझी पण पोरांनी बघायची. पोरांना मास्तरचं नख पकडायला फार आवडतं. आणि तो साबण कपाटातून खाली काढायला लावा. तुमच्याकडे तर कावळेही नाहीत.

चिंचवडची_रेवा

सर 😄 उद्याच पालकसभा आहे, तिथेच काढते विषय. नवरा मात्र गोळी घ्यायला तयार नाही, म्हणतो मला काही होत नाही, मी काय लहान आहे का.

कुंदाकाकू_सातारा

त्याला म्हणावं गोळी नको तर एरंडेल आहे, नाक दाबायला मी साताऱ्याहून येते.